मागची भिंत

आमच्या घरात आणखी एक घर आहे असं मी सांगते, तेव्हा नवीन आलेला माणूस माझ्याकडं जरा जपूनच बघतो. बाईचं वय झालंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. मग मी त्याला हाताला धरून उठवते, आतल्या खोलीत नेते आणि खिडकीजवळच्या टेबलावरची चादर काढते. दोन मजली लाकडी घर, दीड हात उंच. उतरतं छप्पर, त्यावर नखाएवढी लाकडी कौलं, डाव्या अंगाला टोकदार बुरूज, पुढं व्हरांडा, व्हरांड्याला झालरीसारखी कातरलेली नक्षी आणि वर धुराडं. माणूस ‘अरे वा’ म्हणतो, वाकून खिडक्यांतून बघतो, मग वळसा घालून मागं जातो आणि हमखास विचारतो, की या मागच्या भिंतीला कडी कशाला हो? ती कडी कशाला, हे सांगायचं तर चहा दोनदा टाकावा लागतो. म्हणून इथं एकदाच सांगून टाकते.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. राहुरीपासून तीन-चार कोसांवर आमचं मिशनचं कंपाउंड होतं. एक दवाखाना, एक शाळा, एक चर्च आणि कडुनिंबाच्या सावलीत नोकरमाणसांच्या खोल्यांची रांग. त्यातल्या दोन खोल्या आमच्या. बाबा शाळेत मास्तर आणि आई दवाखान्यात रोग्यांचा स्वयंपाक करायची. सकाळी चर्चची घंटा, मग पाण्याच्या इंजिनाची पुकपुक, मग दवाखान्याच्या आवारात भाकरी थापल्याचा आवाज, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. दुष्काळाचं साल होतं, विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी तव्यावरच तडकायची आणि घशातून उतरता उतरायची नाही. आई मग हुलग्याचे शेंगोळे करायची, भरपूर लसूण घालून. ते झणझणीत पाणी भुरकताना मिलोचा सगळा अपमान आम्ही विसरून जायचो.

आईचं माहेर मुळा नदीच्या काठी होतं. होतं म्हणते, कारण धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. मामा सामानसुमान घेऊन दुसरीकडं वसला. आई एरवी अखंड बोलणारी बाई, तव्यावरच्या भाकरीशीसुद्धा बोलायची. पण माहेराचा विषय निघाला की उठून काहीतरी कामाला लागायची. मला त्या गावातलं एकच आठवायचं. शेवटचं आम्ही तिघं तिथून बैलगाडीनं निघालो, तेव्हा गाव मागं पडेपर्यंत आईनं माझ्या डोळ्यांवर पदर धरून ठेवला होता. धुरळा जाऊ नये म्हणून असेल असं मी समजले. पदराला धुराचा वास होता आणि माझी मान अवघडली होती, एवढंच.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई परदेशी होत्या. सगळं कंपाउंड त्यांना मिससाहेब म्हणायचं. उमेदीची सगळी वर्षं आमच्याकडच्या लोकांची पोटं कापण्यात आणि शिवण्यात घालवून आता त्या कायमच्या परत निघाल्या होत्या आणि घरातल्या वस्तू वाटत सुटल्या होत्या. कुणाला शिवणयंत्र, कुणाला कोंबड्या, कुणाला पुस्तकांची फळी. माझ्या वाट्याला आला एक खोका. त्यांच्या भावानं कधीकाळी पाठवलेला, कपाटावर तसाच पडून राहिलेला. आत पातळ लाकडाच्या फळ्या होत्या, त्यांत भिंती, जिने, चौकटी आधीच कापून ठेवलेल्या, प्रत्येकावर आकडा. सगळं सुटं करून जोडायचं, की त्यांच्याकडं शंभर वर्षांपूर्वी बांधायचे तसं घर उभं राहतं. मिससाहेबांची आजी म्हणे अशाच घरात राहायची. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की मी जाण्यापूर्वी हे घर उभे राहिलेले मला पाहावयाचे आहे. त्यांचं मराठी असं पुस्तकातून नुकतंच उठून आल्यासारखं असायचं.

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. ती बाबांनी हातात घेतली, चष्मा पुसला आणि चार माणसांसमोर जाहीर केलं की तीन आठवड्यांत घर उभं राहील. बाबा बाहेरून परीक्षा देऊन इंग्रजी शिकलेले. कंपाउंडातल्या प्रत्येकाचे अर्ज तेच लिहायचे, आलेली पत्रं तेच वाचून दाखवायचे. आईकडं सोनं नव्हतं, बाबांकडं इंग्रजी होतं. ते दोघांनाही पुरायचं. कुणी अर्जाला वाहवा म्हटलं की बाबा नुसता सदरा खाली ओढायचे. मला त्यांचा तो सदरा ओढणं फार आवडायचं.

खोक्यातल्या गोंदाची नळी दगड झाली होती. म्हणून बाबांनी गावातल्या भिकाभाऊ सुताराला बोलावलं. भिकाभाऊ सरसाचे खडे घेऊन आला आणि आमच्या शेगडीवर सरस शिजायला लागला. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. आईनं नाकाला पदर लावला आणि घर बांधताय का चांभारवाडा, असं विचारून शेगडी अंगणात काढून ठेवली. तेव्हापासून आमचं बांधकाम ओट्यावर चालायचं. शाळा सुटली की बाबा पुस्तिका वाचायचे, मी आकडा शोधायची, भिकाभाऊ काचकागदानं कडा घासायचा. कौलं चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. किती होती ते मोजायचं मी दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं. बोटांना सरस लागून लागून माझं अक्षरही चिकट झालंय, अशी बाबांनी वर्गात थट्टा केली.

आई सुरुवातीला लांबून टोमणे मारायची. वर चार खोल्या बघून तिनं विचारलं, एकेका पोराला एकेक खोली? भांडलेत का काय घरात? मग तिला धुराडं दिसलं. बाबांनी समजावलं की खाली दिवाणखान्यात जाळ करतात, शेकायला, त्याचा धूर वरून जातो. आईला हे पटणं शक्यच नव्हतं. एवढी धुराची सोय केलेली आणि तिच्याखाली चूल नाही? त्याच संध्याकाळी ती मातीचा गोळा घेऊन बसली आणि अंगठ्याएवढी चूल घालून मोकळी झाली. मिससाहेबांच्या आजीच्या दिवाणखान्याचं असं स्वयंपाकघर झालं. एकदा हात घातल्यावर आई थांबते कुठली! मण्यांएवढ्या मडक्यांची उतरंड झाली, दोन चपट्या खड्यांचं जातं झालं, जुन्या पातळाच्या काठाचे पडदे झाले. खोक्यात गुलाबाच्या फुलांचे कागद होते, भिंतींना लावायचे. ते तिनं वरच्या मजल्यावर लावू दिले, पण चुलीमागची भिंत चुन्यात नीळ कालवून स्वतः रंगवली आणि वर बोटानं काजळी लावली. नव्या भिंतीला काजळी कशाला, म्हणून मी कुरकुरले. ‘चूल पेटती हाय ना? मग काळं न्हाई व्हणार?’ एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. बाबा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, त्यांना ती काजळी आवडलेली नाही.

दोन-तीन दिवसांनी घर पुरं झालं. आम्ही ते ओट्यावर ठेवलं, पुढची बाजू आमच्याकडं, मागची विहिरीच्या वाटेकडं. मागची बाजू सगळी मोकळी होती. मी आणि भिकाभाऊ पुढून कौतुक करत होतो आणि आई विहिरीवरून घागर घेऊन त्या वाटेनं येत होती. ती मध्येच थांबली. मला वाटलं, दुरून बघतेय. तिनं घागर खाली ठेवली. पाणीटंचाईच्या दिवसांत कुणी भरली घागर अशी वाटेत सोडत नाही, पण ती सोडून ती सरळ आत निघून गेली. घागर मग बाबा त्या वाटेवर जाऊन घेऊन आले. त्या दिवशी भाकरी करपली आणि आईनं जेवायला पान घेतलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी जाहीर केलं, की खोक्यात मागची भिंतच आलेली नाही. कंपनीवाले घालायला विसरले. मला त्यात नवल वाटलं नाही. बिनभिंतीचं घर कुठं असतं? भिकाभाऊलाही ते लगेच पटलं. ‘तरीच म्या म्हनलं, अर्धवट घर कोन इकील?’ असं म्हणून त्यानं चहाच्या खोक्याची फळी आणली, मापानं कापली, तिला दोन खिडक्या पाडल्या आणि सरसानं पक्की बसवून टाकली. कंपाउंडभर बातमी झाली, की परदेशातली कंपनी चुकली आणि मास्तरांनी चूक सुधारली. लोक येऊन भिंत बघून जायचे. आई पुन्हा बोलायला लागली.

आणि मी घराबाहेर पडले. म्हणजे अक्षरशः. उतरंड आत, जातं आत, माझ्या चिंधीच्या बाहुल्या आत, आणि मी एक डोळा मिटून खिडकीला दुसरा डोळा लावलेली. उदबत्तीच्या काडीनं मी बाहुलीला ढोसून चुलीपर्यंत न्यायची, ती तोंडावर पडली की तिला उठवता यायचं नाही. मग ती तशीच पालथी पडून राहिली. कुणाला सांगायची चोरी, कारण बाबा त्या भिंतीकडं बघून रोज सदरा खाली ओढायचे.

एके दुपारी मी ती पुस्तिका घेऊन बसले होते. इंग्रजी अक्षरं गिरवायची मला हौस होती. शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं दिसलं, कडेला सरसाचा डाग. मी नखानं हळूहळू सोडवलं. आत चित्र होतं. आमचंच घर, मागच्या बाजूनं, सताड उघडं, आणि सोनेरी केसांची एक मुलगी गुडघ्यांवर बसून आत हात घालून खुर्ची मांडतेय. माझं इंग्रजी तेव्हा मांजर आणि उंदरापलीकडं गेलं नव्हतं, पण चित्राला काय भाषा लागते? भिंत विसरली नव्हती कुणी. भिंत नव्हतीच. पान चिकटलं म्हणून बाबांना ते दिसलं नाही, आणि त्यांनी साऱ्या गावाला कंपनीची चूक सांगितली. मिससाहेबांना मात्र खरं माहीत असणार, आणि त्या घर बघायला यायच्या होत्या रविवारी.

आज मला विचाराल तर मी सांगेन, पोरी, ऊठ, पान घे आणि बापाच्या हातात दे. अजून दोन दिवस आहेत. भिंत काढतील, प्रश्न मिटला. पण दहाव्या वर्षी बाप चुकलाय हे बापाला सांगायची जीभ कुठून आणायची? मी ते पान फाडलं, गुंडाळी केली आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत ढकलून दिली. त्या घरात कुणाचा हात पोचणार नव्हता. दोन दिवस मी ओट्याकडं फिरकले नाही, आणि पोट बिघडलं असेल म्हणून आई मला ओव्याचं पाणी पाजत होती.

रविवारी चर्च सुटल्यावर मिससाहेब आल्या. पाठोपाठ निम्मं कंपाउंड. त्यांनी व्हरांड्याच्या नक्षीवरून बोट फिरवलं. मग खिडकीतून त्यांना चूल दिसली, धुराड्याच्या बरोबर खाली, आणि त्या खळखळून हसल्या. माझ्या आजीला हे सुचावयास हवे होते, म्हणाल्या. मला क्षणभर वाटलं, निभावलं. पण त्या उठल्या आणि सवयीनं, आपल्याच घरात शिरावं तसं, मागच्या बाजूला गेल्या. तिथं त्यांचा हात भिंतीवर आपटला.

‘मास्तर, हे इकडे उघडे असते,’ त्या हलकेच म्हणाल्या. ‘मुलीचा हात आत कसा जाईल?’

बाबा उभे होते. मी त्यांच्या सदऱ्याकडं बघत होते. त्यांनी तो ओढला नाही. कंपनीचं नावही काढलं नाही.

‘माझं चुकलं, मिससाहेब,’ ते म्हणाले. ‘पुस्तक मला नीट लागलं नाही.’

मागून कुणीतरी फिसकन हसलं. शाळेच्या हेडमास्तरांनी विचारलं, की मास्तर, आमचे अर्ज तरी नीट लिहिलेत ना? मग सगळेच हसले, वाईट मनानं नाही, पण हसले. आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती तिथंच थांबली आणि बाबांकडं बघत राहिली. मिससाहेबांनीच विषय बदलला, आईच्या उतरंडीचं कौतुक केलं, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. बुधवारी जीप त्यांना घेऊन गेली. सारं कंपाउंड रडलं. मीही रडले, पण निम्मं रडणं वेगळ्याच कारणासाठी होतं. त्या आठवड्यात बाबांकडं एकही अर्ज लिहायला आला नाही. योगायोग असेल. मला मात्र जेवण गोड लागेना.

शनिवारी शाळा सुटून आले तर ओट्यावर भिकाभाऊ बसलेला. त्याला आईनं बोलावलं होतं. भिंत राहू दे, पण तिला बिजागऱ्या लाव, उघडली पाहिजे, पोरीला हात घालायचाय, असं तिनं त्याला सांगितलं होतं. आणि बाहेरून एक कडी. भिकाभाऊनं गरम पाण्याचं फडकं लावून लावून सरस सोडवला. बाबाही येऊन उभे राहिले. भिंत निघाली तशी वरच्या मजल्यावरून कागदाची गुंडाळी घरंगळली आणि आईच्या पायाशी पडली. आईनं ती उलगडली. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्राला काय भाषा लागते?

मग माझा बांध फुटला. मी फाडलं, मी लपवलं, पान चिकटलं होतं म्हणून बाबांना दिसलं नाही, मी दिलं असतं तर बाबांना कुणी हसलं नसतं, असं सगळं मी हुंदके देत एका दमात सांगितलं. बाबा खाली बसले. माझं नाक त्यांनी आपल्या सदऱ्यानं पुसलं.

‘पान चिकटलं नव्हतं, बाळ,’ ते म्हणाले. ‘मी चिकटवलं होतं.’

भिकाभाऊचे हात थांबले. आई आधी चित्राकडं, मग बाबांकडं बघू लागली. ‘म्हंजी तुमाला ठावं हुतं? मग सगळ्यांपुढं खाली मान का घातली?’

‘काय सांगणार होतो मिससाहेबांना?’ बाबा म्हणाले. ‘वाटेवरून चूल दिसत होती, तुला बघवेना, म्हणून भिंत घातली, हे सांगू?’

आई ओट्यावर बसली. एरवी अशा वेळी ती उठून कामाला लागायची, आज उठली नाही. मग तिनं मला जवळ ओढलं आणि सांगितलं. गाव उठताना मामानं घराची लाकडं काढली. तुळया निघेनात, म्हणून मागची भिंत पाडली. आम्ही गाडीतून निघालो तर रस्त्यावरून तिच्या आईचं स्वयंपाकघर उघडं दिसत होतं. निळीची भिंत, तिच्यावरची काजळी, चूल, सगळं. येणारा-जाणारा बघत होता. ‘आईनं जलमभर कुनाला चुलीपतुर येऊ दिलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘आन् तिची चूल अशी उघड्यावर. तुला दिसू नये म्हनून तुझ्या डोळ्यांवर पदर धरला. माझ्या डोळ्यांवर कोन धरनार?’

 याचं उत्तर बाबांनी आधीच फळीचं करून बसवलं होतं, आणि त्यापायी आपलं होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी चारचौघांत ओवाळून टाकलं होतं. हे मला त्या वयात असं शब्दांत कळलं नाही. मला एवढंच कळलं, की आई त्यांच्याकडं जशी बघतेय तशी मी तिला कधी बघताना पाहिलं नव्हतं.

भिकाभाऊनं नाक शिंकरलं, बिजागऱ्या ठोकल्या, कडी बसवली आणि चहा न घेता निघून गेला. आईनं डोळे पुसले, गुडघ्यांवर बसली, थेट त्या चित्रातल्या मुलीसारखी, आणि पालथी पडलेली बाहुली उचलून चुलीपुढं नीट बसवली. मग आत वाकून बारकाईनं बघत म्हणाली, ‘शिंकाळं ऱ्हायलं. आईच्या चुलीच्या उजव्या अंगाला शिंकाळं हुतं, लोन्याचं.’ मी दोरा आणायला आत पळाले. दोरा वळता वळता ती सांगत गेली, लोणी चोरायला मामा कसा पाटावर पाट रचायचा, आजीला ते कसं ठाऊक असायचं, तरी ती रोज शिंकाळं तेवढ्याच उंचीवर कशी बांधायची. चूल थंड पडली तरी आई बोलतच होती. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो, आणि बाबांनी दोनदा शेंगोळे मागून घेतले.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तर स्वतः एक अर्ज घेऊन आले. बाबांनी तो लिहून दिला आणि सदरा खाली ओढला.

आता ते दोघंही नाहीत. पाहुण्याला मी एवढं सगळं कुठं सांगत बसू? कडी कशाला असं त्यानं विचारलं, की मी ती काढते, त्याला आतली चूल दाखवते, शिंकाळं दाखवते, आणि हात घालून बघा म्हणते. तो गेला, की दिवेलागणीला आई जशी आतून हाक मारायची, कडी लाव गं, चूल दिसती, तसं स्वतःलाच म्हणते आणि लावून टाकते.